अल्हाद: एका रविवाराचं नाव

मी अल्हाद बोलतोय. घाबरू नका, भूतबित नाही. रविवारचं एक म्हातारं नाव आहे, बस्स.

जन्म अरबांच्या घरातला. अर्थ 'पहिला', म्हणजे आठवड्याचा पहिला वार. त्यांच्याबरोबर स्पेनला गेलो. तिथले ख्रिस्ती रविवारला 'दोमिंगो' म्हणत, म्हणजे प्रभूचा वार. शेजारच्या ज्यूंची पंचाईत झाली. प्रभू शेजाऱ्यांचा, आपण कशाला त्याचं नाव घ्यायचं? मग त्यांनी मला घरात घेतलं. बाकी सगळी भाषा शेजाऱ्यांची, स्पॅनिश; रविवार तेवढा अरबांचा! अशी चोखंदळ माणसं.

पुढे स्पेनच्या राजाने या ज्यूंना हाकललं. घरदार सुटलं. मी त्यांच्या जिभेवर बसून फुकटात तुर्कस्तानात, इझमिरला आलो. काय दिवस होते हो! लग्नं अल्हादला, चहाड्या अल्हादला. एकेका गच्चीवर आठ-आठ बायका कॉफी पीत माझं नाव घ्यायच्या.

आता गच्चीवर त्यांच्यातली एकटी जोया आजी उरली. वय अठ्ठ्याऐंशी. तिची नात तिल्दा क्लास लावून नवी, गुळगुळीत स्पॅनिश शिकली आणि माद्रिदला नोकरीला निघाली.

"आजी, दोमिंगोला विमान आहे."

"या घरात अल्हाद म्हणायचं."

"अगं, तिकडे अल्हाद म्हटलं तर विचारतील, हा कोण तुझा?"

"सांग, म्हातारा आहे, पण घरचा आहे."

मी खूश! पण पोरगी गेली आणि म्हातारीला धास्ती बसली. चारचौघांत आपल्याशी या जुन्या बोलीत बोलायला लाजली तर? फोनच बंद केला तर? मग भांडी घासता घासता सराव सुरू झाला. "दोमिंगो... दोमिंगो..." दर वेळी जीभ चावायची. मी कपाळ बडवून घेतलं. राजाला जमलं नाही, ते नातीच्या मायेने केलं!

फोन आला. पलीकडे मैत्रिणींचा कलकलाट. आजी घसा खाकरून म्हणाली, "पुढच्या दोमिंगोला करशील ना गं फोन?"

तिकडे तिल्दाने मैत्रिणींना दटावलं.

"कोण बोलतंय?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या आजीला द्या."

"अगं, मीच."

"मग नीट बोल की!"

म्हातारीने बाहीने नाक पुसलं. "अल्हादला. अल्हादला कर हं."

"हो आजी. अल्हादला."

तेव्हापासून माझा मुक्काम दर रविवारच्या त्या एका फोनवर. त्या वेळी तुमचा फोन लागला नाही तर चिडू नका, लाइन आम्ही अडवलेली असते. एका तोंडात दात नाहीत, दुसऱ्यात सदा च्युइंगगम. पण चिकटून बसलोय.