खोलीत दुसरं कोणी नको

घरबसल्या डिग्री! ही जाहिरात लिहिणाऱ्याने मढ गावातलं घर कधी पाहिलं नसणार, असं नूतनला हल्ली पक्कं वाटायला लागलं होतं. खरं तर ऑनलाइन कॉलेज नसतं तर ती शिकलीच नसती. रोज जुन्नरला जायचं तर एसटीची वाट बघण्यातच दिवस सरायचा, मग म्हशीच्या धारा कोण काढणार? "घरातच बसून शिकायचं ना? मग शीक की बाई," असं म्हणून सासूबाईंनी, म्हणजे अंबाबाईंनी, परवानगी दिली. चुलीजवळ मोबाइल टेकवून तिने बी.कॉम.ची लेक्चरं ऐकली. दूध उतू जायला लागलं की सरांना मध्येच थांबवता येतं, हे सुख कुठल्या वर्गात मिळतं?

आज शेवटचा पेपर होता, तोही मोबाइलवरच. निघाला तर आळेफाट्याच्या पतसंस्थेतली नोकरी पक्की, नाहीतर ती जागा दुसऱ्याची. कॅमेऱ्यात फक्त तिचा चेहरा दिसायला हवा, खोलीत दुसरं कोणी नको, तिसऱ्या इशाऱ्याला पेपर बंद. म्हणून तिने दार लोटून घेतलं, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. मढला दिवसाढवळ्या दार लागलं, म्हणजे आत कोणीतरी आजारी असतं नाहीतर रुसलेलं.

शेजारच्या सरूबाईंनी खिडकीतून डोकं आत घातलं. "काय झालं गं नूतन? सासू बोलली का काय?"

पहिला इशारा: दुसरा चेहरा दिसला.

सरूबाईंनी वाटेत बातमी पेरली असणार. कारण लगेच चुलत सासरे सावळेराम खिडकीशी हजर. "पोरी, डाक्टरला आनू का?" सासरे दिसताच नूतनचा हात सवयीने ओढणीकडे गेला आणि ओढणी थेट नाकापर्यंत खाली आली.

दुसरा इशारा: चेहरा दिसत नाही.

रडावं की भिंतीवर डोकं आपटावं, तिला कळेना. माणसं मायेनं येत होती, हाच तर वैताग! वैरी असते तर इकडे फिरकलेही नसते.

"आत्या, आता कुणाला येऊ देऊ नका," ती आतूनच सासूबाईंना ओरडून म्हणाली. "आणखी कुणी दिसलं तर मी कॉपी करते असं धरतील अन् पेपर बंद करतील!"

अंबाबाईंनी उंबऱ्यावर ठाण मांडलं. आल्यागेल्याला असं हाकललं की कोंबडंसुद्धा अंगणात टिकेना. नूतनचा जीव भांड्यात पडला. भराभर उत्तरं सुटत गेली, थोडेच प्रश्न उरले.

पण बाहेर बसून बसून अंबाबाईंच्या मनाला ती कॉपीची गोष्ट लागली होती. आपल्या सुनेवर असला संशय? त्या तडक आत आल्या आणि नूतनने "आत्या, नको!" म्हणेपर्यंत कॅमेऱ्यासमोर वाकल्या.

"हे बघ भाऊ, मी सोता दारात बसलीय. आत एक माणूस जाऊ दिलं न्हाई. पोर एकटीच हाय. तिच्यावर आळ घिऊ नगंस."

पडद्यावर लाल पट्टी झळकली आणि पेपर मिटला.

"बघ," अंबाबाई समाधानाने म्हणाल्या, "नीट सांगितल्यावर गप झाला का न्हाई?"