मिस्त्रीच्या खिशातली मलमाची डबी

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. ॲल्युमिनियमची, तुमच्या तळहातात मावेल एवढी. माझ्या झाकणाला पोचा आला आहे आणि अंगावर इतके ओरखडे आहेत की कधीकाळी मी आरशासारखी चकाकत होते, हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवले. तिथून मी एका औषधाच्या दुकानात आले. दुकानातला म्हातारा कंपाउंडर मंद आचेवर तिळाचे तेल गरम करी, त्यात मेण विरघळवी आणि मिश्रण पातळ असतानाच आमच्यात ओती. ना त्याला रंग, ना सुगंध. गिऱ्हाइकांनी विचारले की तो म्हणे, आजारी माणसाला वास सोसत नाही. सर्दीत पुसून पुसून नाक सोलवटलेली, तापात ओठ फुटलेली माणसे त्याच्याकडे येत. तो प्रत्येकाला बजावून सांगे की अंग कोमट पाण्याने पुसा, टॉवेलने खसाखसा घासू नका, नुसते टिपा आणि कातडी ओलसर आहे तोवर हे लावा.

एके दिवशी एक गवंडी मिस्त्री दुकानात आला. त्याच्या बायकोचे उजवे अंग लुळे पडले होते. ती शिवणकाम करायची. आता सुई धरायचा हातच गेला होता. इस्पितळातून घरी आणून आठवडा झाला होता. मिस्त्रीने चिठ्ठी पुढे केली, कंपाउंडरने मला त्याच्या हातावर ठेवले आणि मी दचकले. हात कसला, खडबडीत दगडच तो! सिमेंटने आणि चुन्याने खाल्लेला, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेला.

त्यांचे घर दोन खोल्यांचे होते. खिडकीपाशी खाट, खाटेजवळ कापड टाकून झाकलेले शिवणयंत्र. दिवसा शेजारीण येऊन बसे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी मिस्त्री स्वतः बायकोचे करी. पण त्याला कुठे काय येत होते? तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला पाण्याचा पेलासुद्धा कधी हातात दिला नव्हता. माकडहाडाजवळ कातडी लाल झालेली दिसली, तेव्हा चोळले की रक्त फिरेल असे त्याला वाटले. त्याने माझ्यातले मलम घेतले आणि भिंत घोटावी तसा जोर लावून ती जागा चोळली. कातडी सोलवटली. ती ओरडली नाही. तिने उशीत तोंड खुपसले. जरा वेळाने अडखळत म्हणाली, "तुम्ही नका लावू. काथ्याने घासल्यासारखं होतं."

 माझे झाकण लावून मिस्त्री दारात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. त्यांनी सोलवटलेल्या जागी औषधाची पट्टी लावली आणि मग मिस्त्रीला समोर बसवले. लाल झालेली जागा कधीही चोळायची नसते, त्यांनी समजावले; तिच्यावरचा भार काढायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला चुणी ठेवायची नाही. मलम लावायचे ते टाचांना, कोपरांना, पोटऱ्यांना, ओठांना. आणि तेही पापणीवर लावल्यासारखे. पट्टीखाली जखम चिघळली तर काय, असे त्याने विचारले. सिस्टरनी आडपडदा ठेवला नाही.

"काका, अंथरुणातली जखम हाडापर्यंत जाते. माणूस मूळ आजाराने नाही, त्या जखमेने जातो."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. सिस्टरनीही पाहिले.

"आधी स्वतःच्या हातांना लावा," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस. काम करताना हातमोजे घाला."

त्या दिवसापासून मी मिस्त्रीच्या खिशात राहू लागले. कामावर हात धुतले की वाळूच्या ढिगाआड जाऊन तो मला उघडी आणि चोरी करत असल्यासारखा भेगांत मलम भरी. पण अशी गोष्ट लपते थोडीच? बिगाऱ्यांनी पाहिलेच. एक जण म्हणाला, "काय मिस्त्री, लग्नबिग्न ठरलं की काय?"

"ठरलंय," मिस्त्री म्हणाला. "त्याच बायकोशी."

सगळे हसले, मग कुणीच हसेना. घरची परिस्थिती सर्वांना ठाऊक होती.

हातांच्या या उपचाराबद्दल पंधरा दिवस तो बायकोला शब्दानेही बोलला नाही; तोवर तिला मलम शेजारीण लावी. तिची जखम भरत आली होती. सोळाव्या दिवशी त्याने कोमट पाण्याने तिची पावले पुसली, टिपली आणि टाचेला अगदी अलगद मलम लावले. तिने मान वळवून पाहिले. तिला वाटले होते, शेजारीणच आहे.  थोड्या वेळाने तिने दुसरा पाय, जो तिला हलवता येत होता तो, आपणहून पुढे सरकवला.

पुढे दीड वर्ष हा नेम चालला. मी कितीदा रिकामी झाले आणि कंपाउंडरने मला कितीदा भरले, याचा हिशेब नाही. गिलावा सपाट झाला की नाही हे मिस्त्री भिंतीवर तळहात फिरवून ओळखत असे. आता तो डोळे मिटून तिच्या टाचेवर बोट ठेवी आणि आज कातडी कोरडी आहे, असे सांगे. तीही मग त्याला चुका दाखवू लागली, भांडू लागली, कधी हसूही लागली.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला. चार दिवसांत ती गेली.

सिस्टर आल्या, त्यांनी आणि शेजारणीने तिला शेवटचे पुसून घेतले. मग सिस्टर बाहेर आल्या आणि मिस्त्रीसमोर उभ्या राहिल्या.

"काका, दीड वर्ष खाटेवर होत्या. पाठीवर एकही जखम नाही."

तोवर मिस्त्रीने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. हे ऐकून तो खाली बसला आणि रडला.

त्यानंतर मी खिडकीच्या कट्ट्यावर पडून राहिले. माझ्यातले मलम पिवळे पडले, कडेने सुकले. मिस्त्री माझ्याकडे पाही आणि नजर वळवी. दोन वर्षांनी एका सकाळी मात्र त्याने मला उचलले, घासूनपुसून लख्ख केले आणि दवाखान्यात नेऊन सिस्टरपुढे ठेवले. घरी धूळ खाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, म्हणाला.

आता मी सिस्टरच्या पिशवीत असते, मित्रांनो. घरोघरी जाते. लोक आजारी माणसाला भेटायला येतात, फळे आणतात, डॉक्टर काय म्हणाले ते विचारतात. ओठ फुटलेत का, टाच कुठे लागते का, हे फार थोडे जण विचारतात. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळले, तर तुम्ही तेवढे विचारा. पांघरूण वर करून पावले पाहा, आणि लाज वाटली तरी वाकून हात लावा. जखम झाली की धावणारे पुष्कळ असतात. ती होऊच न देणाऱ्याचे काम कुणाला दिसत नाही. तरी ते रोज करावे लागते.