सोनाराच्या केरात हरवलेली चिप

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. तोंडाला पाणी सुटलं असेल तर गिळून टाका, मी वेफरच्या पुडीतली नव्हे. मी मोटारीच्या किल्लीतली चिप! काचेची एक बारीक नळी, भाताच्या दाण्याहून जराशी लांब, आणि पोटात केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तुम्ही किल्ली हातात घेता तेव्हा तुम्हाला दिसतं ते फक्त पातं. दात विचकून ते असं मिरवतं की गाडी जणू त्याच्याच जिवावर चालते. मी मात्र मागच्या काळ्या प्लास्टिकच्या मुठीत गप्प बसलेली असते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण माझ्याकडे बघूनच कोणीतरी केली असावी. मी गर्विष्ठ वाटले तर वाटू दे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला एक गुपित गणित शिकवलं आणि ते कोणालाही सांगायचं नाही अशी तंबी दिली. २००२ साली रत्नागिरीच्या एका शोरूममध्ये पांढऱ्या गाडीशी माझी सोयरीक जुळली. स्टिअरिंगच्या खाली एक चपटी पेटी दडलेली असते, तो गाडीचा मेंदू. त्यालाही तेच गणित ठाऊक होतं. माझी एक जुळी बहीण होती, ती दुसऱ्या किल्लीत. आम्हा तिघांपलीकडे ते गुपित कोणालाच माहीत नव्हतं.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगते. जिथे किल्ली घालतात त्या कुलपाच्या गळ्याभोवती तारेचं एक कडं असतं. किल्ली फिरवली की त्या कड्यातून न दिसणारी लहर निघते आणि माझ्या पोटातल्या तारेला जाग येते. मला सेल लागत नाही, खाणंपिणं लागत नाही. त्या लहरीवरच माझं भागतं. मग मेंदू एक भलामोठा आकडा सांगतो आणि म्हणतो, "कर गणित." मी उत्तर देते. तेच गणित त्यानेही केलेलं असतं. दोघांचा ताळा जमला, तरच तो इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. आकडा दर वेळी नवा, म्हणून चोराने चोरून ऐकलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत उरकतं. एकच उणीव आहे. माझा आवाज चार बोटांपलीकडे पोचत नाही.

माझ्याच छल्ल्यात एक बटणांची डबी होती. तिचं बटण दाबलं की दारं उघडायची आणि गाडीचे दिवे डोळे मिचकवायचे. तीसुद्धा दर वेळी नवा परवलीचा आकडा पाठवायची, पण तिच्या पोटात सेल होता म्हणून तिचा आवाज अंगणापलीकडे जायचा. लोक तिचं फार कौतुक करत. मला त्याचा थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

आमचं घर दाभोळचं. मालक कमालभाई, जहाजावर इंजिनखोलीत कामाला. वर्षातले नऊ महिने समुद्रावर. गाडी घेतली ती त्यांच्या बायकोसाठी, रझियाभाभींसाठी. त्यांची मुलगी इरम दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला दापोलीला अकरावी सायन्सला जायचं होतं. एसटीच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळत नव्हत्या. मग रझियाभाभी चाळिशीत गाडी शिकल्या. त्यांनी लायसन काढलं, आणि मोहल्ल्यातल्या बायका दारात उभ्या राहून बघत असताना पहिल्यांदा ती पांढरी गाडी चढावावर चढवली. त्या दिवशी त्यांच्या तळहाताला केवढा घाम होता ते मला ठाऊक आहे, कारण मी त्याच मुठीत होते. वर्षभर आम्ही रोज दापोलीला गेलो आलो. एकही दिवस इरमचा तास बुडला नाही.

कमालभाईंचा धाकटा भाऊ उमेर. माणूस वाईट नव्हता, भावामागे घर तोच बघायचा. पण वहिनीने गाडी चालवावी आणि आपण शेजारी बसावं, हे त्याला जड जात होतं. एकदा त्याने बाजाराला जातो सांगून किल्ली नेली आणि दापोलीच्या किल्लीवाल्याकडून गुपचूप पितळेची दुसरी करून घेतली. भाभी एका लग्नाला गेल्या होत्या तेव्हा ती लावून बघितली. दार उघडलं, कुलूप फिरलं, इंजिन घरघरलं, पण धरेना! धरेल कसं? मेंदूने आकडा सांगितला आणि पितळ मख्खासारखं बघत राहिलं. उमेरने घाम पुसला आणि मनात पक्की गाठ मारली की ही गाडी मुळातच खोडीची आहे. चोरून केलेलं काम असल्यामुळे बोलणार कोणापाशी? मला मेंदूने ही हकीगत सांगितली तेव्हा मी दिवसभर हसत होते.

माझं हसू फार टिकलं नाही. गणपती होऊन गेले होते. एके दिवशी किल्ली दगडी पायरीवर पडली आणि प्लास्टिकच्या मुठीला तडा गेला. भाभींनी फडताळातून इरमची लहानपणची चांदीची पैंजणं काढली आणि बाजारपेठेत भिकाजी सोनाराच्या दुकानी गेल्या.

"भिकाजीकाका, ह्याची मूठ करून द्या. कोयरीची करा. इरमसाठी गाडी, तर तिचीच चांदी लागू दे."

"वा, रझियाबाय! अशी करतो की दापोलीचे लोक बघत राहतील," भिकाजी म्हणाले.

दोघांचंही प्रेमच होतं हो त्यात! भिकाजींनी करवतीने प्लास्टिक कापलं, पातं सोडवलं आणि त्यावर सुंदर चांदीची कोयरी बसवली. मी टुणकन उडाले आणि चटईच्या कडेला जाऊन पडले. "आत काचेचा मणी हाय वाटतं," एवढंच ते पुटपुटले. संध्याकाळी त्यांनी दुकान झाडलं. सोनार आपला केर कधी फेकत नाही, त्यात सोन्या-चांदीचे कण असतात. तो पेटीत साठवतो आणि वर्षाकाठी झारेकरी येऊन विकत नेतो. झारेकरी तो केर जाळतो, राख धुतो आणि कण वेगळे काढतो. केराबरोबर मी पेटीत गेले. जाळतो हा शब्द माझ्या कानावर पडला होता, आणि माझी काच भीतीने थंड पडली.

त्याच दिवशी वादळी पाऊस झाला. दुसऱ्या सकाळी गाडी सुरू होईना तेव्हा सगळ्यांनी पावसाला दोष दिला. डबीने दार उघडलं, दिवे मिचकावले. नवी चांदीची किल्ली लोण्यासारखी फिरली. मग किल्लीवर संशय कोण घेणार? विठू मेस्त्रीने बॅटरी बदलली, प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली. इंजिन घरघरायचं आणि गप्प व्हायचं. जुळी बहीण असती तर उलगडा झाला असता, पण ती कमालभाईंच्या बॅगेत, कुठल्याशा समुद्रावर होती. घरची एक तरी वस्तू जवळ असावी म्हणून त्यांनी नेली होती.

आठ दिवस इरमचं कॉलेज बुडलं. नवव्या दिवशी उमेर म्हणाला, "भाभी, बंद डबडा दारात ठेवून काय करायचा? चिपळूणचा एक माणूस घ्यायला तयार हाय. शुक्रवारी नमाजानंतर येतो."

"आणि इरमचा कॉलेज?"

"दहावी झाली ना? पुष्कळ झाला. भाईजानचा फोन आलेला, तो पण बोलला, चालतच नसेल तर विकून टाका."

इरमने वह्या पिशवीत भरल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली. गाडी गेली की तिचं शिक्षण गेलं, हे त्या घरात न बोलता सगळ्यांना कळलं होतं. आणि ज्याच्यामुळे हे सगळं अडलं होतं तो जीव केरात पडून होता. मी ओरडत होते, पण चार बोटांपलीकडे ऐकू कोणाला जाणार?

शुक्रवारी सकाळी भाभी गाडी पुसायला गेल्या. दुसऱ्याच्या घरी द्यायची झाली तरी स्वच्छ द्यावी, असा त्यांचा स्वभाव. पुसून झाल्यावर त्या शेवटचं म्हणून आत बसल्या आणि किल्ली फिरवली. आठ दिवस सगळे बॉनेटखाली डोकं घालून बसले होते. भाभींना मात्र गाडी शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी स्टिअरिंगपुढच्या काट्यांकडे-दिव्यांकडे बघा, मग रस्त्याकडे. त्यांनी बघितलं. एक लालसर दिवा भराभर लुकलुकत होता. एरवी तो क्षणभर लागायचा आणि विझायचा. त्या वाकल्या आणि त्यांनी नीट निरखलं. दिव्यावर किल्लीचं चित्र होतं.

"ह्यावर किल्ली कशाला काढलीय?" त्या स्वतःशी म्हणाल्या. "इंजिन बिघडला असता तर इंजिनाचा चित्र असता. हा सांगतोय, किल्ली बघ." त्यांनी हातातल्या चांदीच्या कोयरीकडे बघितलं. पातं तेच होतं, दात तेच होते. बदलली होती ती फक्त मूठ. ओढणी सावरत त्या बाजारपेठेकडे धावत सुटल्या. मेंदूने हे मला नंतर सांगितलं आणि तेव्हापासून मी त्या बाईची गुलाम आहे.

भिकाजींच्या दुकानापुढे रामा झारेकरी केराचं पोतं बांधून उभा होता.

"काका, जुन्या मुठीत काय होता?" भाभींना धाप लागली होती.

"काय नव्हता गो. एक काचेचा मणी तेवढा... केरात गेला." भिकाजींचा चेहरा पडला. "आणि केर आता रामाचा झाला. पोत्याला गाठ मारली की सोनाराने त्यात हात घालायचा नाय, अशी आमची रीत. मी हात घातला तर म्हणतील, सोना काढून घेतला."

"तुम्ही हात घालू नका, मी पण घालत नाय," भाभी म्हणाल्या. त्यांनी खरंच दोन्ही हात पाठीमागे बांधले. "रामाभाऊ, तुमचा केर, तुम्हीच बघा. मणी मिळाला नाय तर माझी गाडी आज जाते आणि पोरीचा शिक्षण संपतो."

रामाने एकदा भाभींकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. मग त्याने गाठ सोडली, धोतराचं जुनं पान उन्हात पसरलं आणि मूठ मूठ केर त्यावर पाखडू लागला. नखाएवढे चांदीचे तुकडे, सोन्याची चमक, जळके निखारे, आणि त्या सगळ्यांत मी! त्याने मला चिमटीत धरलं, उन्हात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ह्यात ना सोना, ना चांदी. घे बाय, हा तुझा." मी कधी कोणाच्या चिमटीत एवढी खूश झाले नव्हते.

नमाज सुटली होती. दारात चिपळूणचा माणूस, उमेर, विठू मेस्त्री आणि अर्धा मोहल्ला जमला होता. भाभी तडक आत आल्या. त्यांनी शिलाईच्या दोऱ्याने मला पात्याच्या गळ्याशी घट्ट बांधलं आणि किल्ली कुलपात घातली. किल्ली फिरली. कडं जागं झालं, मी जागी झाले. मेंदूचा आवाज आला, "कर गणित." दहा दिवसांत मी काही विसरले नव्हते! मी उत्तर दिलं, त्याने ताळा केला, दिवा विझला आणि इंजिन असं गरजलं की कुंपणावरचे कावळे उडाले.

इरम टाळ्या पिटत बाहेर आली. विठू मेस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "एवढ्याशा मण्यात?" आणि उमेर? त्याने हळूच खिशातून पितळेची किल्ली काढली. "भाभी, मी पण एकदा... मला वाटलेला गाडीच खोटी हाय." भाभींनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या पोट धरून हसल्या. मग सगळेच हसले. एकटा चिपळूणचा माणूस तेवढा अवघडून उभा होता, कारण त्याची एसटी निघायची वेळ झाली होती.

"बसा भाईसाहेब," भाभी दार उघडत म्हणाल्या, "स्टँडवर सोडते."

पुढे रत्नागिरीच्या शोरूममधून माझ्यासाठी नवी प्लास्टिकची मूठ आली. चांदीची कोयरी आता छल्ल्यात नुसती शोभेला असते, मला तिचा राग नाही. इरम बारावी झाली, बीएस्सी झाली, बीएड झाली. आता २००९ साल चाललं आहे. माझ्या मुठीचा रंग उडालाय आणि गाडीचा एक दरवाजा कुरकुरतो.

मित्रांनो, जाता जाता एक मागणं. किल्ली पाण्यात टाकू नका, दगडावर आपटू नका, दुसरी किल्ली घरातच ठेवा. आणि ज्या वस्तूचं काम तुम्हाला दिसत नाही ती कापायच्या आधी कोणाला तरी विचारा. मी वाचले, कारण एका बाईने सगळे बघत होते तिथे न बघता दिव्याकडे बघितलं. दर वेळी असं माणूस मिळेलच असं नाही.

आता मला थांबलं पाहिजे. काल इरमला तिचं स्वतःचं लायसन मिळालं आणि आज ती दापोलीच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू होणार आहे. रझियाभाभी आज मागच्या सीटवर बसल्या आहेत. किल्ली इरमच्या हातात आहे, आणि तिच्या तळहाताला घाम आलाय. भिऊ नको गो पोरी, फिरव. उत्तर मला येतं.