चोवीस कड्या

"मोजा तुम्हीच," असं म्हणत डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून धरली.

साळूबाईनं चष्मा वर सरकवला. करड्या पोटात बारीक पांढऱ्या कड्या विखुरल्या होत्या. काही उजवीकडं, काही डावीकडं, काही पार खाली. पाच दिवसांपूर्वी याच टेबलापाशी तिनं एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली होती. तिच्यात अशा चोवीस कड्या होत्या. तिनं बोट न लावता मोजल्या. चोवीसच भरल्या.

"एवढ्या दिवसांनी चार-पाच राहिल्या तर ठीक असतं," डॉक्टर म्हणाले. "तुमची एकही बाहेर पडलेली नाही."

"माझं पहिल्यापासून असंच हाय, साहेब. आठ-आठ दिवस. येरंडेल झालं, इसबगोल झालं. पालेभाजी खाऊन तर पोट आणखीच फुगतं. समदे म्हणतेत, पाणी पी, चाल, मनाला लावून घेऊ नको."

डॉक्टर तरुण होते. घाटीच्या सरकारी दवाखान्यात ओपीडीच्या दारापर्यंत रांग होती, तरी त्यांनी फिल्म खाली ठेवली नाही.

"मावशी, आतड्याच्या भिंतीत नसांचं एक जाळं असतं. डोक्याच्या हुकमाची वाट ते बघत बसत नाही. खाल्लेलं पुढं ढकलायचं काम आपलं आपण करतं. तुमच्या मोठ्या आतड्यातलं ते जाळं थकलंय, किंवा जन्मापासूनच विरळ असेल. ते आणखी तपासण्यांवर कळेल. पण ढकलणारंच कुणी नसेल, तर वरून भाजीपाला भरून काय उपयोग?"

"म्हंजी हे मनाचं नाय?"

"नाही."

"पाप केल्यानं व्हत नाय?"

डॉक्टरांनी फिल्म खाली घेतली. "असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

साळूबाईनं टेबलावरचा कोरा कागद त्यांच्याकडं सरकवला. "हे कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "मराठीत द्या."

साळूबाई शेंद्र्याची सून. नवरा पुंजाराम विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हा ती पंचवीसची होती आणि मुलगी द्वारका तीन वर्षांची. गावात तेव्हा बायका पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेला जात. विधवेचं तोंड सकाळी कुणाला दिसू नये म्हणून सासूनं, भागूबाईनं, तिचं त्यांच्याबरोबर जाणं बंद केलं. बाकीच्या परतल्या की जा, म्हणायची. त्या परतेपर्यंत उजाडलेलं असायचं. साळूबाईचं पोट तसंही कधी वेळेवर मोकळं होत नव्हतं, त्यात ही तऱ्हा. पुंजाराम गेल्यावर आठव्या महिन्यात एकदा सलग बारा दिवस गेले. पोट टम्म फुगलं, निऱ्या खोवता येईनात. भाकरीचा वास आला तरी ओकारी व्हायची.

विधवा बाई, वाढलेलं पोट आणि ओकाऱ्या. भागूबाईला आणखी काही बघायची गरज वाटली नाही.

दीर सांडू तिला जीपमध्ये घालून शहरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, नीट तपासलं आणि सांडूला आत बोलावून सांगितलं, "गर्भबिर्भ काही नाही. मळ साठून त्याचा दगड झालाय." त्यांनी एनिमा दिला. दुपार त्यातच गेली. संध्याकाळी साळूबाई हलक्या पोटानं गावात उतरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती. आता सगळं मिटलं, असं तिला वाटलं.

ओट्यावर भावकीतली माणसं बसली होती. सकाळी जीपमध्ये चढलेलं पोट त्यांनी बघितलं होतं. संध्याकाळी उतरलेलंही बघितलं.

"मोकळी करून आणली वाटतं," एकजण म्हणाला.

साळूबाई जागीच थांबली. "भावजी, सांगा की ह्यांना. तुमच्या म्होरंच बोलल्या ना त्या डॉक्टरीणबाई?"

सांडूनं खाली बघत चपला काढल्या आणि तो घरात निघून गेला. भावाच्या वाट्याची जमीन त्या संध्याकाळी त्याच्या नुसत्या गप्प बसण्यानं त्याच्याकडं आली.

आठवड्याच्या आत साळूबाईला माहेरी धाडलं. द्वारकाला मात्र ठेवून घेतलं. "आमच्या पोराची निशाणी हाय," भागूबाई म्हणाली. "तुझ्या हातात नासल." साळूबाई तीनदा मुलीसाठी गेली. दोनदा दारातून परत पाठवली. तिसऱ्यांदा पोरगीच तिला बघून आजीच्या पदराआड लपली. त्यानंतर ती गेली नाही.

मग वाळूज. एका कंपनीच्या पॅकिंगमध्ये तिनं सव्वीस वर्षं खोक्यांना टेप लावली. राहायला रांजणगावात भाड्याची खोली. दहा खोल्यांत मिळून दोन संडास, आणि आत गेल्यावर पाच मिनिटांत दारावर थाप पडायची. म्हणून तिनं कायम दुसरी पाळी मागून घेतली. सकाळची माणसं कामावर गेली की तासभर तरी कुणी दार वाजवत नसे. सुपरवायझर सगळ्यांदेखत हसायचा, "बाईला सकाळचीच सुट्टी लागते. सकाळी कोण येतं घरी?" बाया तोंडाला पदर लावायच्या. साळूबाई पुढचं खोकं ओढायची. खरं सांगितलं असतं तर ते आणखी हसले असते.

डॉक्टरांचा कागद आणि फिल्म पिशवीत घालून ती दुसऱ्या दिवशी कुंभेफळला गेली. द्वारकाला तिथं दिली होती. लग्नाचं बोलावणं साळूबाईला आलं नव्हतं.

द्वारका ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. "कोण पायजे?" तिनं विचारलं, आणि नाव ऐकल्यावर ओळखलं. ती उठून उभी राहिली, पण आत या म्हणाली नाही.

"सासूबाई मळ्यात गेल्यात, येतीलच आता. तुम्ही कशाला आल्या?"

तिकडं आईला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. साळूबाईनं ते ऐकलं आणि पिशवीतून कागद काढला.

"हे वाच. तुझ्या आजीनं, काकानं माझ्यावर जो आळ घातला ना, त्याचं मूळ हे व्हतं. आतड्याच्या नसाच काम करीत नाईत माझ्या. डॉक्टरांनी सही करून दिलंय."

द्वारकानं कागद दोनदा वाचला. मग त्याची जशी होती तशी घडी घातली.

"काका जायच्या आधी बोलले व्हते मला," ती हळू म्हणाली. "तुमचं काय नव्हतं म्हणून. आठ वर्षं झाली."

साळूबाईनं कागद तिच्या हातून परत घेतला. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग आली का नाय तू?"

"कशी येऊ? सोयरीक करताना ह्यांना सांगितलं व्हतं, पोरीची आई मेली. आता जित्ती कुठून आणू?"

येताना वाटेवर साळूबाईनं पुष्कळ बोलणं जमवलं होतं. ते ज्यांना ऐकवायचं ती सासू-दीर दोघंही मेली होती, आणि जी समोर होती तिला सगळं आधीच माहीत होतं. ती पिशवी उचलून वळली.

"थांबा," द्वारका म्हणाली. तिनं रस्त्याकडं बघून घेतलं. "मलाबी हाय."

"काय?"

"हेच. नऊ-नऊ दिवस जात नाय मी. पोट दगडावाणी व्हतं. सासूबाई म्हणत्यात, कामाचा कंटाळा आला की हिचं पोट दुखतं."

साळूबाईनं मुलीच्या पोटाकडं बघितलं. साडी जिथं खोवली होती तिथं ती ताणली होती. जमवलेला राग तिला कुठं ठेवावा कळेना.

"घाटीत येत्या सोमवारी हायेत ते डॉक्टर," ती म्हणाली. "नऊच्या आत केसपेपर काढ. लाजू नको. किती दिवसांनी जाती ते खरं सांग. पालेभाजी खाऊन बरं व्हतं का म्हणून कुणी इचारलं तर नाय म्हण."

"मालक संगं येतील. तुम्ही येऊ नका तिथं."

"नाय येत."

पण सोमवारी तिलाही डॉक्टरांनी बोलावलं होतं. ती सगळ्यात मागच्या बाकावर डोक्यावरून पदर घेऊन बसली. द्वारका आणि तिचा नवरा पुढून आले आणि आत गेले. दाराला नुसता पडदा होता. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?" डॉक्टरांनी विचारलं. "आईला?"

"आई लहानपणीच वारली," द्वारका म्हणाली.

"तिला होता का, काही माहीत आहे?"

साळूबाईनं पदर आणखी पुढं ओढला.

"नाय," द्वारका म्हणाली.

ती दोघं बाहेर आली. द्वारकाची नजर मागच्या बाकापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि फिरली. नवरा म्हणाला, "चल, औषधाच्या खिडकीला गर्दी हुईल." ती त्याच्या मागं गेली.

दोन नंबरांनंतर साळूबाईचं नाव पुकारलं. आत गेल्यावर ती स्टुलावर बसली नाही.

"साहेब, मघाशी गेली ना ती कुंभेफळची पोरगी, तिच्या कागदावर लिहा. तिच्या आईला व्हता हा तरास. लई व्हता."

डॉक्टरांनी वर बघितलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"त्यांच्या गावची हाय मी."

द्वारकाच्या तपासणीचा फॉर्म टेबलावरच होता. तो पुढं ओढून डॉक्टर लिहू लागले. "बरं झालं सांगितलंत, हे कळायला हवं असतं. आईला किती वर्षांची असल्यापासून, काही कल्पना?"

"चौदा-पंधराची असल्यापासनं."

"आणि वारल्या कशानं?"

पंखा टेबलावरचे कागद उडवत होता. साळूबाईनं एका हातानं ते दाबून धरले.

"पोटानंच गेली," ती म्हणाली, आणि आपला केसपेपर पुढं सरकवून स्टुलावर बसली.