काळ्या हौदातला गॅस

मित्रांनो, तुम्ही ज्या कागदावर चित्रं काढता, त्याच्या कारखान्यामागचा मी एक जुना हौद आहे. मला बांधलं तेव्हा गळती बघण्यासाठी माझ्यात स्वच्छ पाणी भरलं होतं. ते पहिलं आणि शेवटचं. नंतर लगदा धुतलेलं काळं पाणी येऊ लागलं आणि तळाशी गाळ साचत गेला.

कागदाचं कौतुक व्हायचं. माझ्याकडे फक्त बॉयलर सांभाळणारे तात्या यायचे. माझ्या वासामुळे घरी गेल्यावर अंघोळीआधी बायको त्यांना पाणीसुद्धा देत नसे, पण त्यांनी मला कधी नावं ठेवली नाहीत.

एका वर्षी मी भरून वाहिलो. ओढ्यातले मासे मेले. खालच्या वस्तीतली माणसं चिडून फाटकाशी आली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. घाण थांबवा, नाहीतर कारखाना बंद करा, असा हुकूम निघाला. तात्यांचा जीव टांगणीला लागला, माझाही.

तात्यांची मेहुणी सांडपाण्याची इंजिनिअर होती. ती येऊन माझ्यात वाकून बघू लागली.

"भावजी, यात जळण आहे."

"यात? पेटती काडी विझेल."

"गाळ नाही जाळायचा. हवा बंद केली की बारीक जिवाणू तो खातात आणि गॅस सोडतात. तो गॅस बॉयलरला द्यायचा."

मालकांनी एक संधी दिली. माझ्या भेगा बुजवल्या, जिवाणूंसाठी शेणकाला ओतला, वर रबराची जाड चादर घट्ट बसवली. आठवडे गेले, चादर सपाटच. तात्या रोज ती दाबून बघत.

शेवटी मेहुणीने माझं पाणी तपासलं. "गारठलाय बिचारा," ती म्हणाली. तिने बॉयलरच्या गरम पाण्याचा नळ माझ्यातून फिरवला. जिवाणूंना ऊब मिळाली आणि हळूहळू चादर पोळीसारखी फुगली.

बॉयलरमध्ये गॅस सोडला. पहिली ज्योत फडफडून विझली. दुसरी निळी होऊन टिकली. तात्या पायरीवर बसून डोळे पुसू लागले.

"भावजी, रडताय?"

"गॅस गेला डोळ्यांत."

"गॅस तर तिकडे जळतोय."

मग दोघंही हसत सुटले. कारखाना वाचला. आता माझ्या गॅसवर वाफ होते आणि त्या वाफेवर ओला कागद वाळतो. माझ्यातून निघालेलं पाणी आणखी साफ करूनच ओढ्यात सोडतात.

मित्रांनो, एखाद्या गोष्टीला टाकाऊ म्हणण्याआधी तिच्याजवळ थोडं थांबून बघा. आणि ती कामाला लागली, की तिला विसरू नका. माझी चादर उन्हाने विरते, नळ गंजतात. कुणीतरी येऊन हात फिरवला, तरच मी आणखी कितीतरी वर्षं जळण देत राहीन.