काशाप्पाच्या जिभेवरची माती

बीदरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. गाणगापूरचं दर्शन आटोपून आलेली सोलापूर-लातूरकडची मंडळी पुढं, आम्ही बीदरचे मागं. व्यासपीठावर कपाटाएवढं यंत्र, शेजारी कॉम्प्युटर आणि त्याच्या पडद्याला झेंडूचा हार. साल २००६.

"भक्तहो," यंत्रानंद महाराज गरजले, "बिदरी ताटलीवर नक्षी करायला माणसाच्या हाताला आठ दिवस लागतात, ते ह्या संगणकाला आठ मिनिटं! कारण ह्याच्यात मी मंत्राचं सॉफ्टवेअर भरलंय. ह्याला व्हायरस लागत नाही!"

त्यांनी एक राखाडी, कोरी ताटली लांबूनच सगळ्यांना दाखवली, यंत्राच्या खणात ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावू लागले, खणातून वाफ निघाली. आठ मिनिटांनी ताटली बाहेर आली ती काळीभोर. तिच्यावर चांदीच्या पादुका, भोवती वेलपत्ती. बायकांनी हात जोडले. एक म्हातारबा रडायलाच लागले.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पाण्यावर पेटणारा दिवा, अंगात येणाऱ्या बाया, सगळं उघडं पाडून झालं. दर वेळी लोक माझ्यावरच रुसले. खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. मी येणारच नव्हतो, पण तुळजानं ओढून आणलं.

तुळजा म्हणजे माझा शेजारी काशाप्पा याची मुलगी. काशाप्पा बिदरी कारागीर. चाळीस वर्षं धातूत चांदीची तार ठोकून ठोकून त्याचे डोळे मंदावलेले. पोरगी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकत होती. सकाळी ती रडवेली होऊन आली होती. "गुर्जी, त्या मशीनचं ऐकून अप्पानी छिन्न्या गाठोड्यात बांधल्यात. महाराजांच्या पायावर ठिवनार अन् हैदराबादला वॉचमन म्हनून जानार म्हनायलेत."

आणि खरंच, काशाप्पा गाठोडं घेऊन व्यासपीठावर चढला. "महाराज, आता हाताला काय काम राहिलं न्हाई. ह्ये तुमच्या पायाशी."

तो वाकला. समोर ओली ताटली होती, तिच्या कडेला थोडा चिखल राहिलेला. बिदरीला लागणारी माती किल्ल्यातल्या जुन्या बांधकामातून आणतात, आणि ती कामाची आहे की नाही हे कारागीर चाखून ठरवतो. काशाप्पानं सवयीनं तो चिखल बोटानं पुसला आणि जिभेला लावला.

तो तसाच थांबला. मग त्यानं ताटली उचलून पार नाकाजवळ नेली.

"गुर्जी, हिकडं या!" त्यानं वरूनच मला हाक मारली. "ही किल्ल्याची माती हाय, नवसागर घातल्याली. अन् ह्ये पान बघा, डावीकडं मुरडलंय. माजं पान हाय ह्ये!"

"भक्ता, दूर हो! यंत्राची ऊर्जा भाजेल!"

"भाजू द्या. चाळीस वर्सं भाजूनच घ्यायलोय."

गुडघे धरत मी वर चढलो आणि खणाचं दार उघडलं. आत विजेची शेगडी आणि तिच्यावर पातेल्यात उकळणारं मातीचं पाणी. बस्स. कॉम्प्युटरची वायर तर यंत्राला जोडलेलीच नव्हती. तुळजानं तिचं मोकळं टोक वर धरलं. "अन् ह्ये पळायलेले आकडे म्हंजी नुसता स्क्रीनसेवर हाय!"

मग मी लोकांना समजावलं. बिदरीचं ताट जस्ताचं, त्यात थोडं तांबं. चांदी ठोकून घासलं की सगळं राखाडीच दिसतं, लांबून नक्षी कळत नाही. ही माती आणि नवसागर घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकलं की धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. म्हणजे ताटली कोरी नव्हतीच.

सहा महिने एक व्यापारी काशाप्पाकडून ताटल्या नेत होता. काळं करू नका, ते आम्ही पुढं करून घेऊ, असं सांगून. "कामून, म्हनून म्या इचारलंच न्हाई," काशाप्पा म्हणाला. बिचारा स्वतःच्याच हातांपुढं हरून आला होता.

महाराज मागच्या दारानं पसार झाले. "तुमच्यामुळं दर्शन अर्धवट राहिलं," असं एक बाई मला सुनावून गेल्या. नेहमीचंच.

घरी आल्यावर काशाप्पानं वेगळाच हट्ट धरला. "तुळजा, त्यो क्लास बंद कर. मशीन म्हंजी निव्वळ फसवनूक."

तुळजा भांडली नाही. दुसऱ्या दिवशी ती आम्हांला पॉलिटेक्निकात घेऊन गेली. बापाच्या नक्षीच्या वहीतलं ते डावीकडं मुरडलेलं पान तिनं पडद्यावर तळहाताएवढं करून दाखवलं. काशाप्पाला ते चष्म्याशिवाय दिसलं.

"ह्याचा ठळक कागद निघतोय, अप्पा. त्यो ताटलीवर चिकटवायचा अन् रेघंवरून छिन्नी चालवायची. चांदी ठोकायला ह्याला येत न्हाई, ती तुमीच ठोकायची. आमचे सर म्हनत्यात, पुढं ही मशीनं आपली आपन नक्षी सुचवायला शिकतील. तवा त्यात तुमचं पान असाया पायजे, तुमच्या नावासकट."

काशाप्पानं कॉम्प्युटरच्या डब्यावर बोटानं टकटक केलं. मग म्हणाला, "आत काय हाय? उघडून दाव."

तुळजानं सरांना विचारून पेचकस आणला आणि डब्याचं झाकण काढलं. काशाप्पानं वाकून वाकून तारा बघितल्या, पंखा बघितला. "शेगडी न्हाई ना?" त्यानं विचारलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला.

वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. यंत्र असो की महाराज, आधी झाकण उघडायला सांगा. उघडून दाखवणाऱ्याकडून शिकून घ्या. जो उघडू देत नाही, त्याच्या पायावर आपल्या छिन्न्या ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारून ठोकण्याचा आवाज आला. मी थकलेलाच आहे, पण चहा निवेपर्यंत ऐकत बसलो.