काकी वाजवत असतील

“हाक मारून मागं फिरायचं न्हाय गो,” सगुणा कोळीण म्हणाली होती. मृणालच्या पायरीवर टेकून ती टोपलीतल्या मांदेलीवर ओलं फडकं पसरत होती. “आत जाऊन बघायचं. म्हातारी ते हेडफोन कानाला लावून बसलीय का पडून हाय, भायेरनं कसं समजायचं?”

मृणालने ते हसण्यावारी नेलं. काकींना काय धाड भरलीय, त्या आपल्यापेक्षा ठणठणीत आहेत, असं काहीतरी बोलून ती मासळीचं भांडं घेऊन आत गेली.

खरं तर काळजी करणं हा तिचा स्वभावच होता, आणि लेक प्राप्ती झाल्यापासून तर ते तिचं पूर्ण वेळेचं काम झालं होतं. किहीमच्या त्या वाडीत माडाखालून जाताना ती आधी वर बघायची. विहिरीवरची जाळी रोज हलवून बघायची. पोरीच्या चपला आपटल्याशिवाय तिच्या पायात घालायची नाही. तिचा नवरा हर्षद म्हणायचा, “तुला या कामाचा पगार सुरू करायला हवा, माझ्यापेक्षा जास्त भरेल.” तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर होता. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचा आणि रविवारी घरी यायचा. बाकीचे दिवस वाडीत मृणाल, तीन वर्षांची प्राप्ती आणि कुंपणापलीकडे हर्षदची चुलतकाकी, अनुसूयाकाकी.

एवढी सगळी काळजी वाहणारी मृणाल सगुणाचं बोलणं मात्र सहज कानाआड करू शकली. कारण काकींचं घर ही एकच जागा अशी होती, की तिथे पाय ठेवला की तिची काळजी आपोआप खांद्यावरून उतरायची.

अनुसूयाकाकींनी उभा जन्म पोस्टात शिक्के मारले, सुट्टीत सुपाऱ्या सोलल्या, मुलाला शिकवून पुण्याला धाडलं. निवृत्त झाल्या त्याच सुमारास काकांना अर्धांगवायू झाला. त्यांना आवाज सोसेना. कुणी ताट ठेवलं तरी दचकायचे, टीव्ही लावला तर डोळ्यांतून पाणी यायचं. काकी आपल्याच घरात मांजराच्या पावलांनी चालायला शिकल्या. त्या दिवसांत मागच्या भाड्याच्या खोलीत शनिवार-रविवारपुरती उतरलेली मुंबईची मंडळी एक काळी गिटार विसरून गेली. फोन केला तर येतो म्हणाली. पावसाळा सरला तरी आली नाहीत. एका दुपारी काकींनी ती मांडीवर घेतली आणि तार छेडली. इलेक्ट्रिक गिटार ती; पोट भरीव लाकडाचं, विजेशिवाय तिला गळा कुठला? डास गुणगुणावा एवढाच आवाज निघाला. आतल्या खोलीत काकांनी कूसही बदलली नाही. काकींनी पुन्हा छेडली.

मग फोनवर बघून बोटं कुठे ठेवायची ते शिकल्या. त्यावर भागेना, तेव्हा अलिबागला अजेय नावाच्या तरुणाच्या क्लासला जायला लागल्या. क्लासमध्ये सगळे कॉलेजचे, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीच्या सुती साडीतल्या काकी. अजेयने त्यांना एक लहानशी डबी आणून दिली. ती गिटारला जोडायची, डबीला हेडफोन जोडायचा, की सगळं गाणं आपल्या कानांत आणि घरात काडीचाही आवाज नाही. पुढे काका गेले. डबी आणि हेडफोन राहिले.

गिटारी जमत गेल्या त्या आपोआपच. किहीमला बंगले भरपूर. हौसेने घेतलेली गिटार मुलगा परदेशी गेला की माळ्यावर जाते. बंगला सांभाळणारे काकींना निरोप द्यायचे, काकी जाऊन धूळ पुसायच्या आणि घेऊन यायच्या. बदल्यात नारळ द्यायच्या, कधी मोदक. विकत घेतलेली एकही नव्हती. इतर घरांत पडवीच्या ज्या भिंतीवर कोयते आणि टोपल्या टांगतात, त्या भिंतीवर काकींच्या गिटारी. त्यांच्या कंपन्यांची नावं काकींना तोंडपाठ होती, पण हाक त्या रंगानेच मारायच्या. आमसुली, खोबरी, मोरपंखी, शेंदरी. काळी मात्र ‘पाहुणी’. तिचे धनी कधीही येतील म्हणून तिच्यासाठी दाराजवळची खुंटी.

समुद्राची हवा तारा खाते. त्यावर काकींचा उपाय म्हणजे वाडीचं खोबरेल. कोयत्याला तेच, बिजागरीला तेच, केसांना तेच, मग तारांनी काय घोडं मारलं होतं? अजेयने कोपरापासून हात जोडले. तेलाने तार चिकटते, मळ धरते, आवाज बसतो, असं त्याने परोपरीने सांगितलं. काकी म्हणाल्या, “बसू दे की. मला कुठे सभा जिंकायच्यात?” थंडीत तर ते तेल तारांवर थिजून पांढरं व्हायचं. सकाळच्या उन्हात ती भिंत बघितली, की वाटायचं रात्री कुणी येऊन सगळ्या गिटारींवर चांदणं शिंपून गेलंय.

मृणालला एकदा काकींनी हेडफोन लावून दिला होता. दुपार होती. पोफळींच्या सावल्या पडवीभर हलत होत्या आणि प्राप्ती जमिनीवर गिटारच्या रिकाम्या पेटीत, आतल्या लाल मखमलीवर, होडीत बसावं तशी बसली होती. काकींनी आमसुली मांडीवर घेतली आणि एकच सूर काढला. तो सूर आला, आणि गेलाच नाही. विहिरीत डोकावून साद घालावी आणि ती साद पाण्याला लागून, कपारीतल्या नेच्यांना लागून, हळूहळू वर चढत यावी, तसा तो मृणालच्या डोक्यात फिरत राहिला. मग दुसरा, तिसरा. चाल ओळखीची नव्हती, कदाचित चाल नव्हतीच. समोर प्राप्तीचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द येत नव्हते. आणि आपल्याला आपल्या पोरीचं बोलणं ऐकू येत नाहीये याची मृणालला भीती वाटली नाही. पोरगी झाल्यापासून पहिल्यांदाच. हेडफोन काढला तेव्हा कावळे, पंप, रस्त्यावरची रिक्षा सगळं एकदम अंगावर आलं, आणि काकी तिच्याकडे बघून नुसत्या हसल्या.

त्यामुळे वाडीतल्या सगळ्यांसारखी तिलाही सवय लागली. फाटकातून हाक मारायची, ओ आली नाही की म्हणायचं, काकी वाजवत असतील, आणि फिरायचं. दूधवाला पिशवी खुंटाळ्याला अडकवून जायचा. पोस्टमन तर काकींच्याच हाताखालून गेलेला, तो कागद दाराच्या फटीत सरकवायचा. एकटी सगुणा आत जायची, काकींसमोर टोपली आदळायची आणि म्हणायची, “झाला का गो वाजवून? पापलेट सुकला माझा.”

पौषातला तो दिवस थंडीचा होता. होड्या लागल्या नव्हत्या, त्यामुळे सगुणा फिरकली नाही. मृणालने सकाळी वालाचं बिरडं केलं आणि वाटीभर घेऊन काकींकडे गेली. ओट्याशी उभं राहून हाक मारली. ओ नाही. तिने वाटीवर ताटली झाकली, ती ओट्यावर ठेवली आणि गॅसवर भात आहे म्हणून लगबगीने परतली.

दुपारी प्राप्ती तिचा हात सोडवून कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. तिला मोठ्या माणसांची रीत कुठली ठाऊक? ती हाकबिक मारत नसे, सरळ आत जायची. थोड्या वेळाने ती परत आली आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, “आई, काकी खाली झोपलीय. मोठ्याने बोलू नको.”

मृणाल धावली. ओट्यावर वाटी तशीच होती.

काकी पडवीत भिंतीखाली पडल्या होत्या, एक पाय भलत्याच दिशेला. तेल कोमट करायला आणलेली वाटी कलंडून तेल फरशीवर पसरलं होतं आणि पुन्हा थिजलंही होतं. पाहुणीला खुंटीवरून काढताना पाय सरकला होता. गिटार त्यांनी पोटाशी धरली होती, तिला ओरखडासुद्धा नव्हता. हेडफोन टेबलावर, डबीशेजारी, गुंडाळलेला.

“काकी, मी सकाळी आले होते,” मृणाल म्हणाली. तिला एवढंच सुचलं.

“ठाऊक आहे,” काकी म्हणाल्या. ओठ कोरडे पडले होते त्यांचे. “ओ दिली मी. मोठ्याने जमेना, पण दिली. तू तोवर फाटकापाशी गेली होतीस. दूधवाल्यालाही दिली होती.” मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, “रडू नकोस. बिरडं केलंयस ना? वास येत होता. जीव गेला असता तर त्या वासानेच.”

अलिबागला ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली. पुण्याहून स्वप्निल आला. काकींचा मुलगा तसा मायेचा, पण घाबरला की माणूस हिशेबी बोलतो तसं बोलला. आईने आता पुण्याला यायचं, आठव्या मजल्यावर लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत. गिटारी कुणाला तरी देऊन टाकू. हेडफोन हेच तर सगळ्याचं मूळ आहे. काकींनी खाटेवरून ऐकून घेतलं. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, “नेशील तिकडे येईन. पण मग मला तिकडे काय करायचं असतं ते तूच सांग.”  शेवटी स्वप्निल व्हरांड्यात मृणालजवळ आला. “वहिनी, तुम्ही शेजारी आहात म्हणून फक्त. तुम्ही रोज आत जाऊन बघणार असाल तर राहू दे आईला.”

मृणाल हो म्हणाली. ज्या बाईला स्वतःच्या पोरीच्या घशात शेंगदाणा अडकेल म्हणून झोप लागत नाही, तिने आणखी एक जीव पदरात घेतला.

काकी वॉकर घेऊन घरी आल्या. एक मधला मार्ग म्हणून मृणालने अजेयकडून छोटा स्पीकर मागवला. हेडफोनऐवजी तो जोडायचा. वाजत असलं की सगळ्या वाडीला समजेल, थांबलं की कुणीतरी जाईल. काकींनी तिचं मन राखलं. एका संध्याकाळी मोरपंखी घेऊन बसल्या आणि सूर काढला. तो पडवीतून अंगणात गेला, पोफळीत शिरला, कुंपणापलीकडे गेला. रस्त्यावर कुणीतरी सायकल थांबवली. काकींची बोटं तारांवरच राहिली. त्या बराच वेळ त्या थांबलेल्या सायकलकडे बघत होत्या. मग स्पीकरची पिन काढून म्हणाल्या, “नको गं. बाहेर गेला की तो माझा राहत नाही.”

मृणालने पुन्हा आग्रह केला नाही. त्यापेक्षा रोज जाणं सोपं होतं. ती सकाळ-दुपार जायची, फरशी पुसायची, तेलाची वाटी उंचावर ठेवायची, काकींच्या समोर क्षणभर टेकायची. कधी हेडफोन मागून घ्यायची आणि डोळे मिटायची. तेवढ्यात काकी प्राप्तीवर लक्ष ठेवायच्या. एकमेकींवर पाळत ठेवायचा त्यांचा छान संसार चालला होता.

पण हर्षदची रात्रपाळी सुरू झाली. खोलीवरचं खाऊन त्याचं पोट बिघडलं, प्राप्तीच्या शाळेचं बघायचं होतं, आणि सगळ्यांचं म्हणणं पडलं की बिऱ्हाड आता उरणला हलवावं. म्हणणं चुकीचं नव्हतं. मृणालने काकींना सांगितलं तेव्हा काकी शेंदरीची तार बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जा गं. नवऱ्याजवळच असावं माणसाने.” तारेची खुंटी पिळून झाली, मग म्हणाल्या, “स्वप्निलला आपण होऊन सांगू नकोस. विचारलं तर खोटंही बोलू नकोस. आणि तो विचारायचा नाही, तो धरून चाललाय.”

आता मृणाल उरणला आहे. खिडकीतून खाडी दिसते, आणि दूरवर बंदराच्या क्रेन, दुपारच्या धुक्यात तरंगल्यासारख्या. काकींना ती रोज फोन करते. कधी उचलतात. कधी नुसती रिंग वाजत राहते आणि ती फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी असते. वाजवत असतील, असं म्हणायला तिची जीभ आता वळत नाही. रविवारी जमेल तेव्हा जाते. सगुणा जाते, पण होड्या रोज लागत नाहीत. दर वेळी स्वप्निलला सांगून टाकावं म्हणून ती त्याचा नंबर काढते, आणि आठव्या मजल्यावरच्या स्वच्छ खोलीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या काकी तिला दिसतात, की ती फोन पुन्हा बंद करते.

म्हणून तिचं तुम्हाला एक सांगणं आहे. किहीमला येणारे पुष्कळ असतात. तुम्हीही कधीतरी याल, समुद्रावर जाल. जाता-जाता अनुसूयाकाकींचं घर कुणालाही विचारा, दाखवतील. आत या. चपला काढा, पडवीचं दार लोटलेलंच असतं. मागून खांद्याला हात लावू नका, त्या दचकतात. वळसा घालून समोर या. डोळे मिटलेले असले तर घाबरू नका, काही बोलूही नका. बोटं हलतायत ना, तेवढं बघा, आणि हलत असली तर आलात तसे निघा.